मिठाची खरी ओळख

पानात मीठ आधी वाढावयाचे, आणि देवाच्या नैवेद्याच्या पानात मात्र मीठ वाढावयाचे नाही, हा धडा आम्ही बालपणी आजीपाशी शिकलो. परंतु मिठाची खरी ओळख साठी उलटल्यावर झाली. आणि तीही परमुलखात, सुरत जिल्ह्यातील पलसाण्यास.

आमचे मूळ घर गोमंतकातले. आगोटीपूर्वी मिठागरातील जाड्या मिठाची वर्षाची बेगमी करावयाची, ही तिकडची रीत. चिरंजीवांच्या नोकरीपायी पलसाण्यास बिऱ्हाड झाले, तरी ती आम्ही सोडली नाही. उलट अभिमान दुणावला. नवसारीवरून गेले की दांडी दूर नाही. जेथे ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी मूठभर मीठ उचलले, त्या किनाऱ्याच्या शेजारी राहून पुडीतले मीठ कोण खाणार? घरात खडेमीठ, एकादशीस सैंधव, असा आमचा दंडक होता.

पुढे सूनबाईंना दिवस राहिले. तिसऱ्या महिन्यात गळ्यापाशी किंचित सूज दिसली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून औषध दिले आणि विचारले, "घरात मीठ कोणते?"

आम्ही ऐटीत सांगितले, "समुद्राचे!"

त्या म्हणाल्या, "काका, आयोडिन समुद्रात आहे, मिठात ते फारसे उतरत नाही."

आम्ही ओशाळलो. समुद्राच्या पाण्यात आयोडिन मुळातच अत्यल्प. मिठाचे खडे धरतात तेव्हा त्यातील बहुतेक उरल्या कडू पाण्यात राहते. मनुष्यास ते लागते तरी किती? दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गर्भवतीस २५०. जन्मभराचे आयोडिन चहाच्या एका चमच्यात मावेल! पण तेवढे न मिळाले तर कंठातील ग्रंथी फुगते; आणि मातेस फारच उणे पडले तर गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते. हे ऐकून त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

१९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी कांगडा खोऱ्यात काही भागांस आयोडिनयुक्त व एकास साधे मीठ पुरवून पाहिले. आयोडिन मिळालेल्या भागांत गलगंड झपाट्याने कमी झाला. १९६२ साली देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. हा डोंगराळ मुलखाचाच रोग, ही समजूतही पुढे खोटी ठरली; किनाऱ्यावरही ही उणीव आढळली.

त्याच दिवशी आम्ही स्वतः पुडी आणली. आता मीठ झाकणाच्या बरणीत, उन्हापासून व ओलीपासून दूर असते. आमटीत ते शेवटी पडते. एकादशीचे सैंधव आम्हां वृद्धांपुरतेच राहिले. यथाकाल नात झाली. परवा तिने आम्हांला पाहून टाळ्या पिटल्या.

रीत सांभाळावी, हे खरेच. पण ती ज्यांच्यासाठी सांभाळावयाची, त्यांच्या पानात काय पडते हेही वडीलधाऱ्यांनी एकदा डोळे उघडून पाहावे.