बाईंना फोन कर

प्रिय शुभा,


हल्ली इकडेही आधी विचारून फोन करतात का, असं तू विचारलंस. हो गं, करतात. ‘आता बोलू का?’ असा मेसेज येतो आणि मगच फोन वाजतो. मला ही पद्धत पटते. समोरची व्यक्ती गाडी चालवत असेल, मुलाला झोपवत असेल.

तुमच्या न्यू जर्सीतलं व्हॉइसमेल मात्र इकडे रुजलंच नाही. 2003 पर्यंत मोबाइलवर आलेल्या कॉललाही पैसे पडायचे, त्यामुळे न उचललेली रिंग हाच फुकटचा निरोप झाला. एक रिंग म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘खाली ये’. मशीनशी बोलणार कोण?

पण 2013 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवायची सोय आली आणि आमची मावशी सुटलीच! जोडाक्षरं टाइप करताना ती रडकुंडीला यायची. आता माइक दाबून धरते आणि मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असताना सगळ्या गावाच्या गोष्टी सांगते. मुलं तिचे निरोप दुप्पट वेगाने ऐकतात, ते मला मुळीच आवडत नाही. ती कुठे थांबते, कुठे दम लागतो, यावरूनच तर तिची तब्येत कळते.

खरं सांगायचंय ते वेगळंच. आपल्या गणिताच्या बाईंचे यजमान गेले, हे तू वर्गाच्या ग्रुपवर वाचलंस. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांगच लागली. मी बाईंना सरळ फोन लावला. त्या सांगत राहिल्या: सकाळी चहा घेतला, पेपर चाळला, ‘जरा पडतो’ म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून. मी फक्त ‘हो बाई’ म्हणत होते. काय बोलावं सुचत नाही म्हणून माणसं मेसेज टाकतात. पण अशा वेळी आपण बोलायचं नसतंच, ऐकायचं असतं. पूर्वी ट्रंक कॉल नोंदवून लोक तासन्‌तास ताटकळायचे, ते या तीन मिनिटांसाठीच ना?

तूही फोन कर. आधी विचारू नकोस. त्या संकोचाने ‘राहू दे’ म्हणतील. सध्या तुझ्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे साडेसहा असतात. भेटायला येणारे तोवर परतलेले असतात आणि बाई एकट्याच असतात.

तुझी,
मंजू