भुकेआधीचा घास

मैत्रिणींनो, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर पातेल्याच्या तळाशी जे उरतं, त्याला आपण बायका ‘माझं जेवण’ म्हणतो. गरम पोळी मुलांना, ह्यांना. आपल्या ताटात कडेला करपलेली, नाहीतर सकाळची. कुणी आपल्यावर जुलूम करतं म्हणून नव्हे, हातच तसा वळतो. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. ते वाटायला लागलं सायकलवर बसल्यापासून, आणि तेही घाटात!

‘संसारी बाईला हे काय सुचलं?’ असं तुम्ही म्हणाल. सांगते. आम्ही साताऱ्याला राहतो. दुपारी तीन तास मी एका शाळेत भूगोल शिकवते. बाकी मग घर, दोन मुलं आणि सासूबाई. धाकट्याच्या वेळचं वजन उतरेना, म्हणून ह्यांनी सायकल आणून दिली. पहाटे यवतेश्वरच्या घाटात जाणाऱ्या चार-पाच जणींची सोबत मिळाली आणि बघता बघता छंदच जडला. त्याच मंडळींत ‘टूर ऑफ नीलगिरीज’चं नाव कानावर आलं. २००८ साली सुरू झालेला हा उपक्रम. डिसेंबरात आठ दिवस, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू मिळून नऊशेच्या आसपास किलोमीटर, आणि त्यातला बराचसा रस्ता डोंगरातला. सगळाच रस्ता शर्यतीचा नसतो. ठरावीक टप्प्यांवर घड्याळ लावतात. माझ्यासारख्या हौशी माणसांनाही त्यात जाता येतं. २०१८ ला जायचं मी मनाशी ठरवलं.

नाव देण्याआधी रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन निघालं ९.२. बाईचं १२ तरी हवं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आधी रक्त, मग घाट.” बरोबरच होतं. स्नायूंपर्यंत प्राणवायू पोचवायचं काम हिमोग्लोबिनचं. तेच कमी पडलं तर चढावर छाती भात्यासारखी नुसती हलते, पाय काही पुढे जात नाहीत. आणि ही काही माझ्या एकटीची गोष्ट नाही बरं का. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय आढळला. आपल्या महाराष्ट्रात ५४ टक्के. म्हणजे हळदीकुंकवाला दहा जणी जमल्या, तर त्यांतल्या पाच-सहा!

मग सुरू झाली लोहाची गोळी, ती लिंबाच्या सरबताबरोबर. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा बंद, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. सासूबाईंनी अळिवाचे लाडू केले. डबा माझ्या हातात देताना सहज बोलून गेल्या, “दोन बाळंतपणांत दोनदा हे लाडू खाल्ले मी. बाळंतिणीला पहिलं ताट मिळतं गं, नंतर पुन्हा शेवटचं.” त्या वळून ओट्याशी गेल्याही, पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. सहा महिन्यांनी माझा आकडा १२.१ वर आला आणि मी नाव देऊन टाकलं.

त्याच सुमाराला मला मारिअन मार्टिनची हकिकत वाचायला मिळाली. १९८४ साली फ्रान्समधल्या प्रसिद्ध ‘टूर द फ्रान्स’च्या जोडीनं बायकांची अठरा टप्प्यांची शर्यत झाली. पुरुष जात त्याच रस्त्यांनी, पण कमी अंतराची आणि त्यांच्या काही तास आधी. पुरुष पगारी खेळाडू, बायका मात्र हौशी. ही अमेरिकन मुलगी त्या वर्षाच्या सुरुवातीला रक्तक्षयानं बेजार होती. संघात तिला जागा मिळाली ती अगदी शेवटची. तिनं आल्प्सच्या चढांवर सगळ्यांना मागे टाकलं आणि शर्यत जिंकली. बक्षीस हजार डॉलरच्या आसपास, तेही संघात वाटून घ्यायचं. पुरुषांच्या विजेत्याला लाखाच्या वर. पुढे १९८९ नंतर ती शर्यत त्या रूपात बंद पडली, आणि २०२२ मध्ये आठ टप्प्यांची होऊन नव्यानं सुरू झाली. तेव्हाची विजेती, नेदरलँड्सची आनमीक फान फ्लॉइटन, एकोणचाळीस वर्षांची होती. हे खास तिशी ओलांडलेल्या मैत्रिणींसाठी सांगते.

आता आठ दिवसांच्या या सायकलप्रवासाचं मर्म काय, ते ऐका. एका दिवसाचा घाट जिद्दीवर चढता येतो. पण आज चढलात की उद्या पहाटे पुन्हा त्याच पायांनी उठायचं असतं, परवाही. तिथे जिद्द पुरत नाही, शिधा लागतो. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो चढावर जोर लावला की दीड-दोन तासांत संपत येतो. संपला की डोळ्यांपुढे अंधारी, हातांना कंप, आणि पायांत शिसं ओतल्यासारखं होतं. आणि गंमत अशी, की पोटात भूक लागल्याचं कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून नियमच असा: भूक लागण्याआधी खायचं. तासाला ३० ते ६० ग्रॅम तरी पिष्ट-साखर पोटात जायला हवी. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असते, त्यावरून हिशेब करा.

मी घड्याळात दर चाळीस मिनिटांचा गजर लावला. गजर झाला की अर्धं केळं, नाहीतर चिक्कीचा तुकडा, नाहीतर सासूबाईंनी बांधून दिलेला खजुराचा लाडू. (बी काढलेला खजूर, भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट, थोडे तीळ आणि चिमूटभर मीठ. पाकाची भानगड नाही, आठ-दहा दिवस सहज टिकतात.) एका बाटलीत पाणी, दुसरीत लिंबू-मीठ-साखरेचं. चौथ्या दिवशी गोडाची शिसारी आली, तेव्हा मीठ लावलेले उकडलेले बटाटे खाल्ले. मुक्कामाला पोचल्यावर आंघोळीआधी जेवण, मग कपडे धुवून वाळत घालायचे आणि पाय भिंतीला लावून पडायचं. सांगायला सोपं आहे. पण पहिले दोन दिवस गजर झाला की हात खिशात जाताना अवघडायचा. आजूबाजूला इतकी माणसं, कुणी खाल्लं नाही अजून, आणि मी खाऊ?

या सगळ्याची परीक्षा झाली कल्हट्टीच्या घाटात. उटीहून पहाटे कडाक्याच्या थंडीत निघालो. पायकारा, चहाचे मळे, गुडलूर, मग मुदुमलाईचं जंगल करत मसिनागुडीला उतरलो. उटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर. जेवढं हसत हसत उतरलो, तेवढं सगळं आता परत चढायचं! कल्हट्टीचा चढ बारा-तेरा किलोमीटरच, पण छत्तीस वळणांचा, आणि प्रत्येक वळणावर आकड्याची पाटी: छत्तीसपैकी एक, छत्तीसपैकी दोन. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत खंडाळ्याचा घाट पहिल्यानं चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. इथे कोण राजा झाला ते मला दिसलंही नाही. मी सगळ्यांत हलका गिअर टाकला आणि पाट्या मोजत राहिले.

नवव्या वळणावर गजर झाला. पाय थांबवले तर पुन्हा सुरू करणं कठीण, म्हणून चालवता चालवताच लाडू तोंडात टाकला. माझ्याबरोबरीची कोइमतूरची बाई हात हलवून पुढे निघून गेली. बाविसाव्याच्या आसपास कठड्यावर एक तरुण मुलगा बसलेला दिसला. पहिले चार दिवस तो आमच्या कितीतरी पुढे असायचा. ओठ पांढरे, हात थरथरत होते. सकाळपासून नुसत्या पाण्यावर होता. म्हणाला, भूकच नव्हती. मी उतरले. खिशात तीन लाडू होते. घरी असते, तर तिन्ही त्याच्या हातावर ठेवून ‘मला नकोच होते’ म्हणाले असते.

एक लाडू त्याला दिला. दोन ठेवले.

मागच्या मदतीच्या गाडीला खूण करून त्याच्यासाठी साखरपाण्याची सोय केली आणि पुढे निघाले. तिसाव्या वळणावर त्यांतला एक खाल्ला. मैत्रिणींनो, त्या लाडवाइतकं शांतपणे मी आजवर काही खाल्लं नसेल. घड्याळात तो घाट मला एक तास अठ्ठावन्न मिनिटांचा पडला. माझा नंबर शेवटून मोजलात तर लवकर सापडेल! पण आठव्या दिवशी मी सायकलवरून उतरले ती स्वतःच्या पायांवर, आणि त्या मुलानंही बाकीचे दिवस खिशात केळी ठेवून पार पाडले.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते सासूबाईंचं रक्त तपासून घेण्याचं. ८.६ निघालं. चाळीस वर्षं शेवटच्या ताटाची कमाई ती! “माझं काय आता, मला कुठे घाट चढायचेत?” असं त्या म्हणत राहिल्या, पण गोळी मी उभं राहून घ्यायला लावली. आणि दुसरा बदल जेवणात. आता पोळ्या आधी करून डब्यात ठेवते, ताटं सगळ्यांची एकदम मांडते, माझंही, सासूबाईंचंही. तव्यावरची पोळी ताटात पडत नाही म्हणून मुलांनी पंधरा दिवस कुरकूर केली. हे पहिल्या आठवड्यात दोनदा म्हणाले, “तू बस गं नंतर, आधी वाढ.” आता वाटी उचलून वरण स्वतःच वाढून घेतात.

तुम्ही सायकल चालवा असा माझा मुळीच आग्रह नाही. पण एक कराच. या महिन्यात आपलं आणि घरातल्या मोठ्या बाईचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी आलं तर डॉक्टरांना विचारून औषध सुरू करा. आणि भाजी चुलीवरून उतरली, की सगळ्यांच्या ताटांबरोबर आपलंही ताट मांडून घ्या. आमच्या सासूबाई हल्ली कौतुकानं सांगत असतात, “पोळी जरा गार झाली म्हणून काय बिघडलं? पोटभर तर मिळते.”