पाचवा भाग

विल्यम फॉकनरच्या ‘द साउंड अँड द फ्युरी’ची माझी प्रत अप्पा बळवंत चौकातली, जुन्या पुस्तकांतून उचललेली. तेव्हा मी एम.ए.ला होतो. पुठ्ठा दोनदा चिकटवून झालाय. समासात सगळीकडे माझंच अक्षर आहे; आधी निळी शाई, मग काळी, आणि अलीकडची पेन्सिल.

निळ्या शाईत बहुतेक तारखाच आहेत. ७ एप्रिल १९२८, २ जून १९१०, ६ एप्रिल, ८ एप्रिल. कादंबरी १९२९ची. मिसिसिपीतल्या जेफरसन नावाच्या कल्पित गावातलं कॉम्प्सन घराणं चार भागांत ढासळत जातं. पहिला भाग बेंजीचा. वय वर्षं ३३, बोलता येत नाही, आणि डोक्यात कालचं-आजचं सगळं एकमेकांत कालवलेलं. परीक्षेपुरता मी संज्ञाप्रवाह समजून घेतला, तारखांची संगती लावली, मार्कही बरे पडले. पण एका पानावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. तिथे आईच्या कपाळावरच्या कापडाच्या घडीतून बेंजीला आजाराचा वास येतो.

तो वास मला ठाऊक होता. आमच्या घरी तो युडीकोलनचा होता.

आईला नेमकं काय व्हायचं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. ‘आईचं डोकं चढलंय’ एवढं कानावर यायचं आणि मधल्या खोलीचं दार लोटलं जायचं. कधी दोन दिवस, कधी पंधरा. ताई तेव्हा दहा वर्षांची. वाटीत पाणी घेऊन ती त्यात युडीकोलनचे थेंब टाकायची, घडी पिळून आईच्या कपाळावर ठेवायची आणि मला नि धाकट्याला मागच्या अंगणात पिटाळायची. कुकरच्या शिट्ट्या बोटांवर मोजायची. अण्णा कचेरीतून उशिरा यायचे, जेवायचे, वर्तमानपत्र उघडायचे. ओरडणं नाही, मारणं नाही. त्या घरात एवढी शांतता होती, की शाळेतला गोंगाट मला सुट्टीसारखा वाटायचा.

काळी शाई अण्णा गेले त्या वर्षातली. त्या खेपेला मी बेंजीच्या थोरल्या भावाचा, क्वेंटिनचा भाग वाचला तो त्याच्या वडिलांसाठी. मिस्टर कॉम्प्सन व्हिस्की पितात आणि फार देखणं, फार हताश बोलतात. मुलाला आजोबांचं घड्याळ देतात, आणि त्यासोबत कशातच काही अर्थ नसल्याची शिकवणही. १९१०च्या त्या दिवशी, हार्वर्डमध्ये शिकणारा क्वेंटिन सकाळी त्या घड्याळाची काच फोडतो, काटे उपटतो आणि दिवस सरताना चार्ल्स नदीत जीव देतो. त्याच्या हार्वर्डसाठी आणि बहिणीच्या लग्नासाठी बेंजीचं कुरण विकलेलं असतं. समीक्षक या घराच्या ऱ्हासाचं मूळ गुलामगिरीवर उभ्या राहिलेल्या आणि यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेत शोधतात, आणि ते खरंच आहे. आजोबा त्या युद्धातले जनरल होते. पण मुलांपर्यंत इतिहास पोचतो तो आईच्या लोटलेल्या दारातून आणि वडिलांच्या पेल्यातून. मी तरी तो तसाच वाचला.

त्याच भागात एका चित्राची आठवण आहे. लहानपणीच्या पुस्तकातली अंधारकोठडी, तिरपा येणारा उजेडाचा एक किरण आणि वर वळलेले दोन चेहरे. क्वेंटिनला वाटायचं, ही कोठडी म्हणजेच आई. ती आणि बाबा हात धरून त्या पुसट उजेडाकडे निघालेत आणि आपण भावंडं त्यांच्याही खाली कुठेतरी हरवलोय. त्याची बहीण कॅडी ते चित्र पाहून म्हणायची, मी राजा असते तर ही जागा फोडून त्यांना बाहेर ओढून काढलं असतं. समासात मी फक्त ‘ताई’ लिहिलंय.

गेल्या वर्षी पेन्सिल घेऊन पुन्हा बसलो, तेव्हा डिल्सी दिसली. या गोऱ्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात आयुष्य घालवलेली ही काळी बाई बेंजीच्या वाढदिवसाचा केक स्वतःच्या पैशातून आणते, ईस्टरला त्याला आपल्या चर्चमध्ये नेते. तिची स्वतःची लेकरं मात्र याच मुलांच्या दिमतीला. एका घराच्या दुःखाचा भार दुसरं घर किती वाहतं, हे मला दोन वाचनांत दिसलं नव्हतं याची लाज वाटली.

आणि मग कॅडी. चिखलाने माखलेली चड्डी घालून पेअरच्या झाडावर चढलेली ती मुलगी आजीच्या अंत्यविधीची गडबड खिडकीतून पाहते. भाऊ खाली उभे. याच दृश्यातून कादंबरी सुरू झाल्याचं फॉकनर सांगत असे. बेंजीला जवळ घेणारी तीच. मात्र तीन भाग तीन भावांचे, चौथा निवेदकाचा. वर जाऊन पाहिलं तिने, सांगितलं इतरांनी.

आमच्या घराची गोष्ट मी बायकोला सांगितली, मित्रांना सांगितली. ताईला कधी विचारलीच नव्हती.

दिवाळीत ती आली तेव्हा ओट्याशी उभं राहून विचारलं, “ताई, आम्हाला अंगणात पाठवून तू आत काय करायचीस गं?”

तिने गॅस बारीक केला. “तुम्ही बाहेर गेलात की मी आईशेजारी आडवी व्हायचे,” ती म्हणाली. “तिला झोप लागली असली, की तिच्या कपाळावरची घडी काढून थोडा वेळ माझ्या कपाळावर ठेवायचे. गार वाटायचं रे. मग कुकरची शिट्टी व्हायची.”

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली.