दाराबाहेरची जयणा

ग्लासगो शहर मागे टाकून उत्तरेकडे निघालेला ए-82 हा रस्ता प्रथम लॉख लोमंड या विस्तीर्ण सरोवराच्या काठाने जातो, पुढे रॅनॉख मूरच्या ओसाड माळावर चढतो आणि मग एकाएकी ग्लेनकोच्या दरीत उतरतो. दोन्ही बाजूंना काळे, उभे कडे, त्यांवरून ओघळणारे असंख्य झरे आणि पायथ्याशी ओलसर हिरवळ. स्कॉटलंडच्या या पर्वतप्रदेशाला हायलँड्स म्हणतात. लेस्टर आणि लंडन येथे स्थिरावलेल्या अनेक भारतीय व्यापारी कुटुंबांना उन्हाळी सुटीत हा प्रदेश खुणावतो. त्यातही कॅम्परव्हॅनचा प्रवास जैन कुटुंबांना विशेष सोयीचा. गाडीतच स्वयंपाकघर असते, गाळलेले पाणी बरोबर ठेवता येते, कंदमुळाविना शिजवलेले ताजे अन्न वेळेवर मिळते आणि परक्या उपाहारगृहातील भांड्यांची चिंता राहत नाही.

मात्र या रमणीय दऱ्यांचे खरे रहिवासी प्रवाशांहून फार लहान आहेत. ‘हायलँड मिज’ या नावाने ओळखले जाणारे हे चिलट पंख पसरले तरी जेमतेम दीड मिलिमीटर भरते. शास्त्रात त्याला क्युलिकॉइड्स इम्पंक्टेटस म्हणतात. संध्याकाळी वारा पडला की त्यांचे थवेच्या थवे दलदलीतून उठतात. नर चावत नाही, मादी चावते. डासाप्रमाणे सोंड खुपसण्याऐवजी ती आपल्या कात्रीसारख्या मुखावयवांनी त्वचेला बारीक छेद देते. या प्रदेशात तिच्या दंशाने माणसाला रोग जडत नाही, परंतु शेकडो दंशांची खाज रात्रभर झोपू देत नाही आणि लहान मुले रडकुंडीस येतात.

अशा वेळी हात आपोआप उगारला जातो, आणि जैन गृहस्थापुढचा प्रश्न येथेच उभा राहतो. माशी, डास, चिलट हे सारे चतुरिंद्रिय जीव. एका टाळीत दहा चिलटे चिरडणे सोपे आहे. विजेची बॅट तर आज आपल्याकडे घरोघरी दिसते. हायलँड्समध्ये या चिलटांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडून त्यांना ओढून घेणारे सापळेही विकत मिळतात. पण सापळ्यात शिरलेला जीव बाहेर येत नाही. ज्या घरात पाणी गाळून पितात, त्या घराची गाडी अशा सापळ्याशेजारी उभी राहणे मनाला पटत नाही. मग उपाय काय? उपाय आहे, परंतु तो चिलट आत येण्यापूर्वी योजावा लागतो.

त्यासाठी प्रथम या जीवाचा स्वभाव समजून घ्यावा. त्याच्या अळ्या पाण्याने फुगलेल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीत वाढतात. मे महिन्याच्या उत्तरार्धात पहिली चिलटे उडू लागतात, जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचा सुकाळ असतो आणि सप्टेंबर सरता सरता ती विरळ होतात. मादी अंड्यांची पहिली खेप रक्ताविनाच घालते. पुढच्या खेपेसाठी मात्र तिला रक्त लागते. श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा गंध यांच्या मागावर ती येते. तिला मंद उजेड आणि दमट, स्थिर हवा प्रिय असते. कडक ऊन तिला सोसत नाही, आणि वाऱ्याचा वेग ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर गेला की तिला उडणेच जमत नाही.

या शेवटच्या दोन गोष्टींतच निम्मे संरक्षण आहे. स्कॉटलंडमध्ये 2003च्या कायद्याने मोकळ्या रानात पायी फिरण्याचा व तंबू ठोकण्याचा हक्क सर्वांना दिला आहे, पण तो मोटारगाड्यांना लागू नाही. त्यामुळे कॅम्परव्हॅन बहुधा अधिकृत तळावरच मुक्काम करते. तळावर पोचताच झाडीच्या आडोशाची, ओढ्याकाठची निवांत जागा मोह घालते, आणि नेमकी तीच चिलटांची वस्ती असते. त्याऐवजी समुद्राकडे तोंड असलेली, उघडी, कोरडी आणि वाऱ्याची जागा मागून घ्यावी. स्काय बेटावर स्लिगाखनच्या ओलसर खोऱ्यात ज्यांना क्षणभर उभे राहवत नाही, तेच प्रवासी वाऱ्याने झोडपलेल्या सागरकिनाऱ्यावर निर्धास्त बसतात. पूर्व किनारा तुलनेने कोरडा असल्याने तेथे चिलटांचा उपद्रव पुष्कळ कमी, आणि पश्चिमेच्या हेब्रिडीज बेटांवर वारा सहसा थांबत नाही.

मुक्कामाची जागा निवडली की गाडीकडे वळावे. पुष्कळ गाड्यांना खिडक्यांवर आणि छतावरच्या झरोक्यावर जाळी बसवलेली असते, पण ती डास-माश्यांसाठी. साध्या मच्छरदाणीची छिद्रे मिलिमीटरहून मोठी असतात आणि हे चिलट त्यांतून सहज आत येते. त्याच्यासाठी मिळणारी खास बारीक विणीची जाळी घ्यावी आणि प्रवासाला निघण्यापूर्वी घरीच, दिवसाउजेडी, वेलक्रोच्या पट्टीने चौकटीला घट्ट बसवून पाहावी. कोपऱ्यात बोटभर फट राहिली, तर बाकीच्या जाळीचा उपयोग नाही. सरकता दरवाजा ही सर्वांत मोठी वाट. तेथे मधोमध चुंबकाच्या पट्ट्या असलेला जाळीचा पडदा लावावा. माणूस आत येताच तो आपला आपण मिटतो.

येथे एक सावधगिरी प्राणांइतकी महत्त्वाची आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर बाहेर पडावा म्हणून गाडीच्या तळाशी कायमची उघडी छिद्रे ठेवलेली असतात, आणि काही छिद्रे ताज्या हवेसाठी वर असतात. चिलटांच्या भीतीने ती कापडाने किंवा चिकटपट्टीने कधीही बुजवू नयेत. तसेच एवढ्याशा बंद जागेत डासांची कॉइल जाळू नये. तिचा धूर त्या जिवांना मारतो आणि आत झोपलेल्यांच्या छातीतही भरतो. त्यापेक्षा दाराच्या दिशेने वाहणारा बारा व्होल्टचा छोटा पंखा बरा. बाहेर जे काम वारा करतो, तेच आत तो करतो.

यानंतर उरते घरातल्या माणसांची शिस्त. दार उघडण्यापूर्वी आतला दिवा मालवावा. केस आणि कपडे झटकून, एकामागून एक चटकन आत यावे. दार उघडे धरून कोणी गप्पा मारू नयेत. कपडे फिक्या रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे असावेत, कारण गडद रंगाकडे चिलटे ओढली जातात. अंगाला लावायच्या औषधांतही विवेक करता येतो. डीट किंवा इकॅरिडिन ही द्रव्ये कीटकाला दूर ठेवतात, तर कपड्यांवर फवारायचे पर्मेथ्रिन हे स्पर्शाने मारणारे कीटकनाशक आहे. दोन्ही एकाच फळीवर विकायला असतात, म्हणून डबीवरचे नाव वाचूनच घ्यावी. हायलँड्समधील जुने लोक बॉग मर्टल या सुगंधी झुडपाच्या डहाळ्या याच कामासाठी वापरत.

रात्रिभोजनत्यागाचे व्रत येथे अनपेक्षितपणे सोपे होते. जूनअखेरीस या भागात सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सात वाजता जेवण आटोपून, भांडी घासून, दारे मिटून घेतलेले कुटुंब चिलटांचा थवा उठण्याआधीच आत स्थिर झालेले असते. अन्नात बारीक जीव पडू नयेत, हे या व्रताचे एक कारण आपले वडीलधारे सांगत आले. उशिरा, दिव्याखाली उघड्यावर जेवायला बसलेल्या शेजाऱ्यांच्या ताटाकडे पाहिले म्हणजे ते कारण वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

ऋतूची निवड मात्र सर्वांना साधत नाही. चिलटांचा भर जुलै-ऑगस्टचा, म्हणजे नेमका चातुर्मासाच्या आरंभीचा. जीवोत्पत्ती वाढली की विहार थांबवावा, हा साधु-साध्वींचा नियम भारतातील पावसाळ्यासाठी असला, तरी हायलँड्सच्या दलदलीतही त्यामागचा विचार पटतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत किंवा ऑक्टोबरात जावे. दऱ्या तेव्हाही तितक्याच सुंदर असतात. ज्यांची मुले इंग्लंडच्या शाळांत शिकतात आणि ज्यांना पर्युषणापूर्वी घरी पोचायचे असते, त्यांना जुलैअखेरीसच निघावे लागते. त्यांनी पूर्व किनारा किंवा वाऱ्याची बेटे निवडावीत.

इतके करूनही काही चिलटे आत शिरतात. तेव्हा त्यांच्यावर हात उगारू नये. ती रात्र पांघरूण ओढून, पंखा लावून काढावी. सकाळी खिडक्या उघड्या ठेवून गाडी थोडे अंतर सावकाश चालवावी, म्हणजे आत आलेल्या वाऱ्याबरोबर बहुतेक चिलटे बाहेर पडतात.

तिरस्कार करावा असे हे जीव नाहीत. संध्याकाळी सरोवरावर भिरभिरणारी वटवाघळे आणि पाकोळ्या त्यांच्यावर जगतात. आपल्या कास पठारावर आढळणाऱ्या दवबिंदू वनस्पतीची भावंडे तेथल्या दलदलीत आहेत, तीही अशाच बारीक कीटकांवर पोसतात. याच कुळातील उष्ण प्रदेशातले काही कीटक कोकोच्या फुलांचे परागीभवन करतात. मुलांच्या हातातल्या चॉकलेटमागे त्यांचेही श्रम आहेत.

दलदल त्यांचे घर आहे, प्रवासी तेथे चार दिवसांचा पाहुणा. चिलट एकदा आत आले, कानाशी गुणगुणू लागले, मूल रडू लागले, की उत्तम संस्कारांचाही हात आवरत नाही. म्हणून संयमाची परीक्षा त्या क्षणावर सोडू नये. जाळी विणीने निवडावी, जागा वारा पाहून ठरवावी, जेवण उजेडात उरकावे आणि दार वेळेवर मिटावे. जयणा म्हणजे याहून वेगळे काही नाही.