दरजा भरणारे चाचा

आमची दोन एकर जमीन एका गवंड्याने वाचवली. हे सांगितलं की लोकांना कोर्टकचेरी आठवते. पण ही गोष्ट भिंतीची आहे.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गेवराईत आमच्या घरी मांडणीवरची भांडी वाजली, एवढंच. पण पुढे पेपरांतले फोटो आले आणि भीती घरात येऊन बसली. किल्लारी-सास्तूरची पडलेली घरं दगडांची होती, दगड मातीत बसवलेले, वर जड माळवद. माळवद आमच्या वाड्यालाही होतं. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ठरवलं, वाडा पाडायचा, आरसीसीचं घर बांधायचं आणि त्यासाठी गोदाकाठची दोन एकर विकायला काढायची. गिऱ्हाईकही ठरलं.

वाडा पाडल्यावर विटा नि सागवान किती निघेल, याचा अंदाज घ्यायला आजीने चाचांना बोलावलं. गल्लीत सगळेच त्यांना चाचा म्हणत. चुन्याचं काम ते आपल्या वडिलांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी खिशातून एक खिळा काढला आणि विटांमधल्या दरजा खरवडत ओसरीपासून परसापर्यंत भिंत पाहिली. कमरेपर्यंत लोणा लागलेला, तिथे चुना पीठ होऊन गळत होता. कमरेच्या वर मात्र खिळा आत जाईना. मग ओळंबा सोडला. भिंत सरळ होती.

"अण्णा, भिंत धडधाकट हाय," चाचा म्हणाले. "दरजा तेवढ्या मेल्यात. दरजा मेल्या म्हणून भिंत पाडत्यात व्हय?"

मग ते अण्णांना न्हाणीमागच्या भिंतीकडे घेऊन गेले. काही वर्षांपूर्वी तिच्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या. सिमेंट जसंच्या तसं होतं, विटाच आत झिजत गेल्या होत्या. जमिनीतून चढलेला ओलावा सिमेंटमधून बाहेर पडेना, म्हणून तो विटेतून बाहेर पडला आणि बरोबर आणलेल्या क्षाराने विटेचा चेहरा फोडला. चाचा एवढंच म्हणाले, "दरज विटेपेक्षा मऊ पाहिजे. पाण्याला खायचंच असंल तर त्यानं दरज खावी. दरज पुन्हा भरता येती, वीट न्हाई." पुढे मी सिव्हिल इंजिनिअरिंगला गेलो. जुन्या बांधकामाच्या दुरुस्तीचा पहिला नियम म्हणून हेच माझ्यासमोर आलं, फक्त जड भाषेत.

अण्णांनी वाडा पाडायचा बेत सोडला आणि दुरुस्तीचं काम दिवाळीनंतर सुरू झालं. उन्हाळ्यात चुना हात लावू देत नाही, असं ते म्हणत. आमच्याकडचं ऊन चुन्यातलं पाणी आधीच ओढून घेतं आणि तो पकडायच्या आत भुगा होतो. छिन्नी-हातोडीने ते दरज खोदायचे, रुंदीच्या दुप्पट आत, विटेची कड न दुखवता. मग काथ्याच्या कुंच्याने धूळ झाडायची आणि पाणी मारायचं. भिंतीला पाणी पाजल्याशिवाय त्यांनी थापी कधी उचलली नाही. चुना परसातल्या खड्ड्यात पाण्याखाली मुरत ठेवला होता. एक वाटा चुना, दीड वाटा चाळलेली गोदावरीची वाळू, दीड वाटा सुरखी. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी. तिच्यामुळे चुना ओलीतही घट्ट होतो. एरवी चुना हवेतला कर्बवायू घेत सावकाश पुन्हा दगड होतो. म्हणून एक थर दाबून बसवल्यावर दुसऱ्या थरासाठी थांबायचं आणि वर ओलं गोणपाट टांगायचं.

काम कष्टाचं आणि दिसायला काहीच नाही. दिवसभरात हातभर भिंत व्हायची. तो रमजान त्यांनी रोजा धरून आमच्या भिंतीपाशी काढला. एकदा एक पट्टा तडकला. कोणी बोट दाखवायच्या आत त्यांनी तो उकरून पुन्हा भरला आणि त्या दिवसाची मजुरी घेतली नाही. माळवदावर दरवर्षी चढवलेल्या मातीचे थर त्यांनी निम्मे उतरवायला लावले. भूकंपानंतर मराठवाड्यातल्या जुन्या घरांसाठी तज्ज्ञांनीही हेच सांगितलं, छपराचं ओझं कमी करा.

जमीन विकली गेली नाही. त्या दोन एकरांतल्या कापसावर माझं शिक्षण झालं, बहिणीचं लग्न झालं. आजी त्याच ओसरीत शेवटपर्यंत बसली. चाचांना मिळाली ती रोजाची मजुरी, आणि अण्णांनी ईदला नेऊन दिलेलं धोतरजोडीचं कापड. या दोन बाजू मी कितीदा तरी ताडून पाहिल्या आहेत. हिशेब जुळत नाही. तो जुळावा अशी माझी इच्छाही नाही, कारण जोवर तो बाकी आहे तोवर मी त्यांचा आहे.

चाचा आता नाहीत. भिंत उभी आहे, आणि दर काही वर्षांनी खालच्या दोन-तीन थरांच्या दरजा आम्ही त्याच मिश्रणाने भरतो.

तुमच्या गावी जुना विटांचा वाडा असेल आणि भिंतीतून चुना गळत असेल, तर सिमेंटची गोणी आणण्याआधी चुना जाणणारा म्हातारा गवंडी शोधा. त्याच्याशेजारी एक तरुण गवंडी उभा करा आणि त्या तरुणाची रोजंदारी तुम्ही द्या.