अंधारखोलीतील अण्णा

वाचकहो, आपल्या घरी दृष्टी मंदावलेले कोणी वडीलधारे असतील, तर ‘आता हे तुमच्याने व्हायचे नाही’ हे वाक्य दिवसातून किती वेळा उच्चारले जाते, याची आपणांस कल्पना असेल. माझे वडील, अण्णा, गेली चार वर्षे ते ऐकत आले. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झाल्यामुळे त्यांना समोरच्याचा चेहरा दिसत नाही. कडेचे तेवढे दिसते. तीस वर्षे फोटो स्टुडिओ चालविलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावे!

यंदा आम्ही दोघांनी एक उद्योग आरंभिला आहे. रंगीत फोटो छापण्याच्या कागदावर, परंतु कृष्णधवल छपाईची रसायने वापरून, आम्ही निगेटिव्ह तयार करतो. निगेटिव्ह म्हणजे फिल्म, असे आपण धरून चालतो. पण १८३५ साली विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी इंग्लंडमधील लेकॉक येथील आपल्या घराच्या खिडकीची जी निगेटिव्ह केली, ती कागदावरचीच होती.

कृष्णधवल छपाईचा कागद तांबड्या दिव्याखाली हाताळता येतो, कारण तांबडा प्रकाश त्याला जाणवत नाही. रंगीत कागदाला तो जाणवतो. म्हणून खोलीत मिट्ट काळोख हवा. मोबाइल तर नाहीच, चमकत्या काट्यांचे घड्याळही नको. त्या काळोखात माझे धडधाकट डोळे निरुपयोगी ठरतात आणि अण्णांचे हात कामाला लागतात. कागद ज्या अंगाला किंचित वळतो ती रसायनाची बाजू, हे ते बोटांनी ओळखतात. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला सुईने छिद्र पाडून केलेल्या कॅमेऱ्यात तेच कागद बसवितात. भर उन्हात छिद्र अर्धा ते दोन मिनिटे उघडे ठेवावे लागते. मग पुन्हा काळोखात डेव्हलपर, सौम्य ॲसेटिक आम्ल आणि हायपो. डेव्हलपरची दोन मिनिटे अण्णा मोठ्याने आकडे म्हणत मोजतात. मी चुळबुळ केली की म्हणतात, “अरे, थांब. अजून साठ व्हायचेत.”

रंगीत कागदावर रंग का उमटत नाहीत, हे कुतूहल आपणांस वाटेल. रंगीत छपाईचा खास डेव्हलपर कागदातील घटकांशी मिळून रंग घडवितो व चांदी नंतर काढून टाकली जाते. साध्या डेव्हलपरमध्ये रंग घडत नाही, चांदीच उरते. या कागदात ती थोडीच असल्याने चित्र फिके, तपकिरी येते. मला तो मऊपणा आवडतो. अण्णांच्या मते ते मुळमुळीत आहे.

आपल्या घरी असे काही करावयाचे झाल्यास एवढे पाहावे. काळोखात डोळ्यांचा आधार सुटला की तोल जाण्याचा धोका वाढतो. तेव्हा वृद्धांनी खुर्चीवर बसूनच काम करावे, जमिनीवर काही ठेवू नये, ट्रे नेहमी त्याच क्रमाने मांडावेत, कडी आतून लावू नये आणि सोबतीस कोणी असावे. मेटॉलयुक्त डेव्हलपरने काहींच्या त्वचेवर पुरळ उठते, म्हणून हातमोजे हवेत. खोलीत हवा खेळती ठेवावी. दम्याच्या रुग्णांनी हायपो व आम्लाच्या वासापासून दूरच राहावे. स्वयंपाकाची भांडी यासाठी कदापि वापरू नयेत.

मागच्या रविवारी अंगणातील जास्वंदीची निगेटिव्ह धुऊन वाळविली. टॅल्बट आपल्या कागदी निगेटिव्हला मेण लावून ती पारदर्शक करीत; आमच्या कागदावर प्लॅस्टिकचा थर असल्याने मेण मुरत नाही. दुसऱ्या कागदावर दाबून छापली, तर कंपनीचे मागे छापलेले नाव आकाशात उमटते! म्हणून माझ्या मुलाने मोबाइलवर फोटो काढून त्याचे काळे-पांढरे उलटविले आणि टीव्हीवर मोठे करून दाखविले. अण्णांनी मान कलती केली, डोळ्यांच्या कडेने बराच वेळ पाहिले. आकाश पांढरेफटक आले होते आणि लाल फुले काळीठिक्कर, कारण हा कागद तांबड्या रंगाला फार मंद असतो.

“जास्वंदीला आणखी चाळीस सेकंद द्यायला हवे होते,” ते म्हणाले.