पार्क मैदानावरचा जुम्मा

सोलापुरात इंदिरा गांधी स्टेडियमचा पत्ता विचारला तर रिक्षावाला क्षणभर विचारात पडतो. ‘पार्क मैदान’ म्हटलं की लगेच भाडं सांगतो. भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव जवळच. स्मार्ट सिटीच्या पैशातून मैदानाचं रूप पालटलं आणि ५ जानेवारी २०२४ला इथं महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना सुरू झाला. जवळपास तीन दशकांनी शहराला रणजी मिळाली होती. महाराष्ट्राचा कर्णधार केदार जाधव, तोही मूळचा आपल्या माढा तालुक्यातला.

शेजारच्या चार घरांतले आम्ही सगळे मिळून गेलो. डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी. दिवस जुम्म्याचा. नमाजची वेळ झाली तशी पुरुषमंडळी आणि मोठी मुलं उठली. जागा आणि डबे सांभाळायला आम्ही बायका आणि मुली राहिलो. तासभर ती रांग पूर्ण आमची होती. कुणाला रन किती, ओव्हर किती, हे सांगायला कुणी दादा-चाचा नव्हते, आणि मुलींना त्यांची गरजही नव्हती. स्लिप म्हणजे काय, हे नववीतल्या पोरीनं आपल्या दादीला दख्खनीत समजावलं. आमच्या मते त्या दिवसाचा सर्वांत चांगला खेळ तोच!

या शहराला क्रिकेट नवं नाही. कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक करणारे पॉली उम्रीगर १९२६मध्ये सोलापुरात जन्मले. अलीकडचा अर्शिन कुलकर्णी सोलापूरचाच. पण २०२३च्या पहिल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये त्यानं ५४ चेंडूंत ११७ धावा काढल्या त्या नाशिकच्या संघासाठी. त्याच स्पर्धेत ‘सोलापूर रॉयल्स’ नावाचा संघही होता. नाव आपलं, खेळाडू दुसरीकडचे, आणि सगळे सामने पुण्यापलीकडे गहुंज्याला. संघ विकत घेणाऱ्यांचा हिशेब असेल, पण घरचं मैदान नसलेल्या संघाला घरचा म्हणायला जीभ अडखळते.

२०२५मध्ये महिलांची लीग सुरू झाली आणि त्यात ‘सोलापूर स्मॅशर्स’ आलं. मुली उड्या मारू लागल्या. किरण नवगिरे आपल्याच जिल्ह्यातली, भारताकडून खेळलेली, हे त्यांना पाठ आहे. पण हेही सामने गहुंज्यालाच. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं गाठता येतं. तिथून पुढे गहुंजे, आणि सामना रात्री संपला तर मुक्काम आलाच. दहा-बारा मुलींना घेऊन मुक्काम म्हणजे प्रत्येक घरी जाऊन अम्मी-अब्बूंची परवानगी, आणि भाड्याचे पैसे वेगळे. दोन घरांनी हो म्हटलं, बाकीच्यांनी ‘इन्शाअल्लाह, पुढच्या वर्षी’ म्हटलं.

पार्क मैदान मात्र आमच्या गल्लीपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. स्मॅशर्सचा एक सामना, एकच, तिथं दुपारी ठेवला तर असरच्या आत सगळ्या मुली घरी पोचतील. मुलींनी तसा अर्ज लिहिलाय, मराठीत. शुद्धलेखन आम्ही तपासलं. मजकुराला हात लावलेला नाही.